खरीप, शुहूर सन आणि उश्र : इस्लामच्या अभ्यासाचे साहित्य आपल्याच शिवारात

मृगाचा पाऊस पडला की आपण खरीप म्हणतो. भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकला की रब्बी म्हणतो. हे दोन्ही शब्द अरबी आहेत. खरीप म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आता कोणी म्हणेल, पेरणी पावसाळ्यात आणि नाव शरदाचे, हे कसे? तर नाव पेरणीवरून नाही, काढणीवरून पडले आहे. शरदात जे हाती येते ते खरीप, वसंतात येते ते रब्बी. सरकारचा वसूल पीक निघाल्यावर होतो, म्हणून नावही वसुलाच्या हंगामाचे.

कृषी खात्याच्या माणसाने आज बी-बियाणे सोडून हा विषय का काढला, असे शेतकरी बंधूंना वाटेल. त्याचे कारण आहे. गावच्या शाळेत सातवीच्या इतिहासात मध्ययुग येते, सुलतान येतात, सुफी संत येतात. वर्गात हिंदू, मुसलमान, आगरी, कोळी, आदिवासी अशी सगळी मुले असतात. एका शाळेतले गुरुजी सहज म्हणाले, "साहेब, धडा शिकवायचा तर शिकवतो. पण मुलाने विचारलं की रमजान दरवर्षी पुढंमागं का होतो, तर दाखवायला माझ्याकडं काय आहे? चार ओळी वाचायच्या आणि पुढं जायचं." गुरुजींचे म्हणणे खरे आहे. आणि शाळेत उत्तर मिळाले नाही की पोरे ते नाक्यावर शोधतात. तिथे जे मिळते ते ज्ञान नसते, अफवा असते.

इस्लामच्या अभ्यासाचे साहित्य म्हटले की लोकांना अलीगढ, दिल्लीची जामिया मिलिया आठवते. तिथे या विषयाचे विभाग आहेतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतही 'अरब संस्कृती आणि इस्लामी अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे. पण पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या शाळेला लागणारे बरेचसे साहित्य आपल्या दप्तरात, खळ्यावर आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांत पडून आहे. ते गोळा मात्र केलेले नाही.

सातबाऱ्याच्या आसपासची भाषा

तलाठी भाऊसाहेबांच्या टेबलावरचे शब्द बघा. जिल्हा, तालुका, कसबा, मौजे, महसूल, तहसील, वसूल, हद्द, हक्क, वारस, इनाम हे सगळे शब्द मूळ अरबी. जमीन फारसी. जिरायत म्हणजे अरबीत शेती. तगाई हा म्हाताऱ्यांच्या तोंडचा शब्दही तिकडचाच. बहमनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या कारभारातून हे शब्द आले आणि मराठी मातीत असे रुजले की आज ते परके आहेत हे सांगावे लागते.

शिवाजी महाराजांच्या काळी कारभारात हे शब्द इतके झाले होते की त्यांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार करवला गेला. पर्याय दिले तरी वारस आणि महसूल हटले नाहीत. गुरुजींनी मुलांना एक जुना सातबारा, एक फेरफार आणि एक पावती द्यावी. त्यातल्या शब्दांच्या तीन याद्या करायला सांगाव्यात : संस्कृत-प्राकृत, अरबी-फारसी, इंग्रजी. एका तासात तीन राज्यांचा इतिहास फळ्यावर येतो. खर्च म्हणाल तर खडूचा.

चंद्राचे वर्ष आणि शेतकऱ्याचे वर्ष

इस्लामी सन हिजरी. पैगंबर महंमद मक्का सोडून मदिनेला गेले ते साल इ. स. ६२२. तेथून ही गणना धरतात. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत, पण आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूची गाठ बांधून ठेवतो. हिजरीत अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरसाल सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून मूळ जागी येतो. १९९३ साली रमजान फेब्रुवारीत सुरू झाला होता. २०२६ चा रमजानही फेब्रुवारीतलाच. गुरुजींच्या विद्यार्थ्याला एवढे उत्तर पुरे. आणखी गंमत म्हणजे हिजरीत 'रबी-उल-अव्वल' नावाचा महिना आहे. ईद-ए-मिलाद त्याच महिन्यात येते. नावात वसंत, पण महिना भर पावसातही येतो.

प्रार्थनेला, उपवासाला हे वर्ष चालते. शेतसाऱ्याला कसे चालणार? चंद्राच्या वर्षाने वसूल मागायचा तर काही वर्षांनी भात शेतात उभे असतानाच हप्ता येईल. म्हणून दख्खनमध्ये शुहूर सन आला. तो चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात सुरू झाला असे मानतात. याचे वर्ष सूर्याचे. ते सुरू होते सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. शेतकऱ्याचे वर्ष आणि सरकारचे वर्ष एकाच दिवशी सुरू! पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी कागदांवर हा सन आहे आणि तो लिहिला आहे अरबी आकड्यांच्या शब्दांत.

हे आकडे पाठ करायला अवघड नाहीत. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २०० आणि अलफ १०००. आता कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिले असेल तर १, ६०, १०० आणि १००० मिळवा. झाले ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरचा कागद असेल तर त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगाचा असेल तर ६००. म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ती याच सालात पडली.

सातवीतल्या मुलाला ही बेरीज येते. पण घरातल्या पत्र्याच्या पेटीतला कागद कोणत्या सालचा, हे त्याच्या आजोबांना सांगता येत नाही. कागद मोडीत असतो, साल अरबीत असते, आणि दोन्ही शिकवणारे गावात नसतात.

खळ्यावरचा दहावा हिस्सा

इस्लाममध्ये जकात म्हणजे मिळकतीतून गरिबांचा हक्क काढणे, हे पुस्तकात असते. शेतमालाची जकात वेगळी असते, तिला उश्र म्हणतात, हे सहसा नसते. उश्र म्हणजे दहावा हिस्सा. पीक काढाल त्या दिवशी त्यातला हक्क देऊन टाका, अशी कुराणाची शिकवण आहे. हिशोब पाण्यावर ठरतो. पावसावर किंवा वाहत्या पाण्यावर पिकले तर दहावा हिस्सा. विहिरीतून उपसून, कष्टाने किंवा खर्चाने पाणी दिले तर विसावा.

गणिताच्या तासाला हे उदाहरण घ्यावे. २० क्विंटल धान्य पावसावर पिकले तर उश्र २ क्विंटल. तेवढेच पंपाच्या पाण्यावर पिकवले तर १ क्विंटल. खर्च जास्त तर देणे कमी, हा न्याय शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही.

यातच पंथांमधला फरकही दाखवता येतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्या मताने टिकाऊ धान्य पाच 'वसक' भरले तरच उश्र लागते. आजच्या हिशोबाने साधारण साडेसहा क्विंटल. इमाम अबू हनीफा यांच्या मते कमीत कमीची अट नाही, आणि भाजीपाल्यावरही द्यावे. म्हणजे शाफई शेतकऱ्याच्या वांग्या-भेंडीवर उश्र नाही, हनफी मताने आहे. 'इस्लाममध्ये एकच मत असते' हा गैरसमज भेंडीच्या एका टोपलीने दूर होतो. बारीकसारीक बाबी गावच्या मौलानांना विचाराव्यात. ते आनंदाने सांगतील, विचारणाराच कोणी येत नाही. आणि हे शिकवताना आपल्या गावगाड्यातले बलुतेही जोडीला सांगावे. त्याचे कारण वेगळे, नियम वेगळे, पण खळ्यावरून सगळेच धान्य घरी न्यायचे नाही, ही रीत दोन्हीकडे दिसते.

माथेरानचे फैजी, गागोद्याचे विनोबा

विद्यापीठात मुस्लिम कायदा शिकवतात तेव्हा एक पुस्तक हमखास निघते. आसफ अली असगर फैजी यांचे इंग्रजी पुस्तक, पहिली आवृत्ती १९४९ ची. हे फैजी १८९९ मध्ये माथेरानला जन्मले. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. इस्माइली पंथाच्या हस्तलिखितांचा त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. परदेशातले अभ्यासकही ज्यांचा आधार घेतात तो विद्वान आपल्या कर्जत तालुक्यातल्या डोंगरावर जन्मला, हे आपल्या किती शाळांत सांगितले जाते?

वारसाहक्काचा भाग तर गणिताच्या मास्तरांनी जरूर घ्यावा. एक माणूस वारला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. देणी फेडून शिल्लक २४ हजार रुपये. मुले आहेत म्हणून पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ३ हजार. राहिले २१ हजार. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलाला १४ हजार, मुलीला ७ हजार. बीजगणिताच्या ज्या अरबी ग्रंथावरून 'अल्जिब्रा' हे नाव आले तो नवव्या शतकातला अल-ख्वारिझ्मीचा ग्रंथ. त्याच्या शेवटी अशाच वाटण्यांची उदाहरणे आहेत. वाटणीचा हिशोब सोडवण्यातही बीजगणित कामाला आले ते असे.

इथे तलाठी-सर्कल मंडळींसाठी एक खबरदारी. १९३७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरियत) अधिनियमाच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा प्रश्न वगळलेला आहे. तेव्हा वरचे उदाहरण वर्गासाठी आहे, त्यावरून फेरफार ओढू नये. वारस नोंदीत अडचण आली तर तहसील कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

दुसरे नाव विनोबांचे. पेण तालुक्यातले गागोदे हे त्यांचे जन्मगाव, जन्म ११ सप्टेंबर १८९५. भूदानामुळे विनोबा शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. पण याच विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराण वाचले आणि त्यातली निवडक वचने विषयवार लावून 'कुराण-सार' तयार केले. कुराण हा ग्रंथ विषयवार रचलेला नाही. त्यामुळे नव्या वाचकाला दान कुठे, सत्य कुठे, शेजारधर्म कुठे, ते सापडत नाही. विनोबांनी ती वाट करून दिली. १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा करत गेले आणि तिथेही त्यांना भूदान मिळाले. गीता सांगणारा माणूस कुराणही तेवढ्याच मनाने वाचू शकतो, याचा आणखी कोणता दाखला द्यायचा? साने गुरुजींनीही पैगंबरांचे चरित्र 'इस्लामी संस्कृती' या नावाने मराठीत लिहून ठेवले आहे. माणगाव तालुक्यात वडघरला त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. मुलांची सहल तिकडे जात असेल तर या पुस्तकाचीही ओळख करून द्यावी.

चौलचे बंदर, चिंचणीचे ताम्रपट

इस्लाम कोकणात तलवारीबरोबर नव्हे, व्यापाराच्या गलबतांबरोबर आधी आला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, इ. स. ९१५-९१६ च्या सुमारास, अल-मसुदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. तेथे सुमारे १० हजार मुसलमान राहतात आणि त्यांच्यातलाच एक जण राजाने त्यांचा मुखिया नेमला आहे, असे त्याने लिहून ठेवले. त्या वेळी राज्य राष्ट्रकूट-शिलाहारांचे होते. आज चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून नारळ-सुपारी घेणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे वाचून नवल वाटेल.

त्याहून मोलाचा कागद, खरे तर तांब्याचा पत्रा, सध्याच्या पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण भागाचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' आहे. अभ्यासक ते महंमद या नावाचे संस्कृत रूप मानतात. त्याच्या काळात एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला राजाच्या संमतीने गाव आणि जमीन दान दिल्याची ही नोंद आहे. मुसलमान अधिकारी, ब्राह्मणाची मठिका आणि जमिनीचे दानपत्र, हजार वर्षांहून जुने! महसूल खात्यातल्या मंडळींनी तरी याची नक्कल कार्यालयात लावावी.

नवी मुंबईलगतचे एक उदाहरण देतो. सर महंमद युसूफ या जहाजमालकांनी न्हाव्याला खलाशांच्या शिक्षणासाठी 'रहमान' ही संस्था १९१० मध्ये उभी केली. अरबी आणि इस्लामी विद्येसाठी ८ लाख रुपये सरकारला दिले तेही त्यांनीच. त्यातून १९३० मध्ये जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले. एकाच देणगीदाराने हाताला काम देणारी शाळा काढली आणि डोक्याला खाद्य देणारे कॉलेजही उभारले.

कायदा काय म्हणतो

काही मुख्याध्यापकांना भीती वाटते की धर्माचा विषय काढला तर तक्रार होईल. राज्यघटनेचे कलम २८ स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण, म्हणजे धर्म पाळण्याची शिकवण, देता येत नाही. पण धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. साधा नियम असा की 'असे करा' म्हणायचे नाही, 'मुसलमान असे मानतात' म्हणायचे. वारी, ख्रिसमस, बुद्धपौर्णिमा शिकवतानाही हाच नियम.

गावाने काय करावे

सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. विमानतळासाठी आणखी दहा गावे उठली. घर उठते तेव्हा भांडीकुंडी टेम्पोत जातात आणि जुने कागद रद्दीत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसाचा पुरावा शोधत हिंडलेल्या माणसाला त्या रद्दीची किंमत विचारा. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. पुढील गोष्टी कमी खर्चात होतील :

१) शाळा व्यवस्थापन समितीने मोडी, फारसी कागद असलेल्या घरांची यादी करावी. मूळ कागद घरीच ठेवावा, मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकची घट्ट पिशवीही नको. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा.

२) शुहूर सनाच्या आकड्यांचा तक्ता शाळेत आणि ग्रामपंचायतीत लावावा.

३) गावच्या वाचनालयात एक कप्पा करावा. त्यात 'कुराण-सार', साने गुरुजींचे पुस्तक आणि सेतुमाधवराव पगडी यांचे सुफी संप्रदायावरचे लेखन ठेवावे.

४) वर्षातून एकदा गावातले जाणते चाचा किंवा मौलाना आणि एखादे कीर्तनकार बुवा यांना एकाच दिवशी शाळेत बोलवावे. प्रश्न मुलांनी आधी लिहून द्यावेत. वाद घालायचा नाही, ऐकायचे.

५) जिल्ह्यातले शिक्षक आणि कॉलेजचे अरबी, फारसी, इतिहासाचे प्राध्यापक यांनी मिळून चाळीस-पन्नास पानांची मराठी पुस्तिका करावी. उदाहरणे कोकणातली असावीत, वाळवंटातली नकोत.

बियाणे बाहेरून आणता येते, पण आपल्या जमिनीला मानवेल ते वाण इथेच निवडावे लागते, हे आम्ही प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतो. शिकवण्याच्या साहित्याचेही तसेच आहे. अलीगढची पुस्तके चांगली आहेत, ती कॉलेजात लागतीलच. गावच्या शाळेला मात्र खळ्यावरचा दहावा हिस्सा आणि पेटीतला 'मया व अलफ' आधी लागेल. सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि मुख्याध्यापकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि निदान कागदांची यादी तरी त्याच दिवशी सुरू करावी.